सोसायटीतल्या मुलांसाठी फेस पेंटिंग की टॅटू? सीवूड्सला कोणाला बोलवावं, रंग कोणते चालतील?

सीवूड्सची_आई

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीचं स्नेहसंमेलन जानेवारीत आहे आणि मुलांचा विभाग माझ्याकडे आलाय. चाळीसेक मुलं असतील, दोन वर्षांच्या पिल्लांपासून सातवी-आठवीतल्यांपर्यंत. सगळ्यांना फेस पेंटिंग हवंय. एका इव्हेंटवाल्याने फेस पेंटिंग आणि "काळ्या मेंदीचे टॅटू" असं एकत्र पॅकेज देऊ केलंय. त्याचा माणूस नमुना दाखवायला आला तेव्हा रंग बिनलेबलच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत होते. कुठल्या कंपनीचे म्हणून विचारलं तर "नॉनटॉक्सिक आहेत मॅडम" एवढंच उत्तर. मला काही ते पटलं नाही.

नवी मुंबईत किंवा ठाण्यात खात्रीचं काम करणारं कोणी शोधायचं तर काय बघायचं? रंग आम्हीच आणून दिले तर चालतं का? शिवाय माझ्या मुलीला इसब आहे, कोपराच्या खळीत आणि कधीकधी गालावरही. तिला गालावर फ्लेमिंगो हवाय, कारण हिवाळ्यात खाडीकडे गेलं की तेच दिसतात. तिला नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलंय.

रंगपेटी_ठाणे

ताई, आधी त्या पॅकेजवाल्याला नाही म्हणून टाका. मी ठाण्यात हेच काम करते. वाढदिवस, शाळांची संमेलनं, पाडव्याच्या शोभायात्रेतली मुलं, सगळं. बिनलेबलच्या बाटलीतला रंग मी कुणाच्याही लेकराच्या तोंडाला लावणार नाही.

"नॉनटॉक्सिक" या शब्दावर जाऊ नका. पोस्टर कलर आणि ॲक्रिलिकच्या बाटलीवरही तो छापलेला असतो. चुकून थोडा पोटात गेला तर विषबाधा होणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो रंग कागदासाठी, कापडासाठी बनलेला असतो, त्वचेसाठी नाही. ॲक्रिलिक तर वाळल्यावर प्लास्टिकचा पापुद्राच होतो, गालावरून ओढून काढताना बारीक लव त्याच्याबरोबर येते आणि मूल कळवळतं.

तोंडाला लावायचा रंग म्हणजे सौंदर्यप्रसाधन. डबीवर घटकांची यादी हवी, बॅच नंबर हवा, मुदत हवी. भारतात बनलेला असेल तर उत्पादन परवान्याचा नंबर असतो. बाहेरून आलेला असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक असतो. उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात १२ किंवा २४ असा आकडा दिसेल, उघडल्यावर तितके महिने वापरायचा. माझ्याकडे ब्रिटनचा स्नाझारू आणि बर्लिनच्या क्रायोलानचा ॲक्वाकलर आहे. दोन्ही पाण्यावर चालणारे, वडीच्या रूपात. ओला स्पंज फिरवायचा, रंग सुटतो, गालावर मिनिटभरात वाळतो, साबण-पाण्याने जातो.

कलाकार निवडताना इन्स्टाग्रामवरच्या फोटोंवर भुलू नका. फोन करून चार गोष्टी विचारा. प्रत्येक मुलाला वेगळा स्पंज वापरता का? ब्रशचं पाणी कधी बदलता? चमकी कुठली वापरता? डोळे आलेलं मूल रांगेत दिसलं तर काय करता? ज्याला हे काम येतं तो या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खुलून बोलतो. मी तर सकाळी मोजून स्पंज भरून नेते, वापरलेला वेगळ्या पिशवीत टाकते आणि घरी येऊन सगळे धुऊन उन्हात वाळवते. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ होती, तेव्हा डोळ्यांच्या आसपास रंगवणंच बंद ठेवलं होतं. तोंडाजवळ फोड आलेत, गालावर जखम आहे, ताप आहे, अशा मुलाच्या तोंडाला हात लावत नाही. मनगटावर काहीतरी काढून देते, तेवढ्याने रुसवा जातो.

चमकीचं मुद्दाम सांगते. हस्तकलेच्या दुकानातली चमकी चेहऱ्याला अजिबात नको. तिच्या कडा टोकदार असतात, डोळ्यात गेली तर बुबुळाला ओरखडा पडतो. त्वचेसाठीची चमकी वेगळी आणि खूप बारीक मिळते. तीसुद्धा मी डोळ्याखाली लावत नाही, कपाळावर किंवा गालाच्या बाहेरच्या बाजूला लावते.

त्वचेचा_डॉक्टर_वाशी

रंगपेटीताईंनी रंगांचं नीट सांगितलंय. मी काळ्या मेंदीबद्दल लिहितो, कारण हिच्यामुळे फोड आलेली मुलं माझ्या ओपीडीत येतात.

मेंदीच्या पानांचा रंग काळा नसतोच. पानातलं लॉसोन हे द्रव्य त्वचेला आधी केशरी आणि मग दिवस-दोन दिवसांत लालसर तपकिरी करतं. तासाभरात काळीभोर होणारी जी "मेंदी" असते तिच्यात बहुतेक वेळा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमाइन मिसळलेलं असतं. हे केसांच्या डायमधलं रसायन आहे. युरोपात केसांच्या डायमध्येही ते २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि त्वचेवर लावायला तर परवानगीच नाही. आपल्याकडे डायच्या खोक्यावरची बारीक अक्षरातली सूचना वाचून बघा. आधी त्वचेवर चाचणी घ्या, भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं, असं तिथे छापलेलं असतं. तेच रसायन टॅटूवाला किती घालतो, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

पहिल्या वेळी काही होत नाही किंवा आठ-दहा दिवसांनी खाज सुरू होते. तोवर शरीराने त्या रसायनाची ओळख ठेवलेली असते. पुढच्या वेळी दिवस-दोन दिवसांत नक्षीच्या रेषेबरहुकूम पुरळ उठतं, पाण्याचे फोड येतात आणि कधी पांढरा डाग किंवा व्रण कायमचा राहतो. ही ॲलर्जी आयुष्यभर जात नाही. मोठेपणी केस रंगवायचे म्हटलं तर डोकं-चेहरा सुजू शकतो. काही भूल देणाऱ्या मलमांनीही त्रास होऊ शकतो. सहा-सात वर्षांच्या मुलीच्या हातावर एका संध्याकाळच्या हौसेसाठी हे का लादायचं?

तुमच्या मुलीचं सांगतो. इसब उठलेला असेल त्या दिवशी गालावर काही नको. त्वचा शांत असेल तर ज्या रंगाने काढणार आहेत तोच आधी हाताच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लावून बघा, तासाभराने धुवा आणि पुढचे दोन दिवस लक्ष ठेवा. खाज किंवा लाली दिसली तर विषय सोडून द्या. काही नाही झालं तर गालावर छोटं चित्र काढायला हरकत नाही. रंगाखाली तिचं नेहमीचं मॉइश्चरायझर असू दे आणि झोपायच्या आधी रंग काढाच.

कोपरीचा_काका

डॉक्टरांना दुजोरा. माझ्या पुतणीने एका जत्रेत हातावर काळा विंचू काढून घेतला होता. टॅटू पुसट झाला आणि मग विंचवाच्या आकाराचे फोड वर आले, नांगीसकट! उपचारांनी ते बसले, पण त्या जागेचा रंग अजून आजूबाजूपेक्षा फिका आहे. तुमच्या कमिटीत कोणी "एवढं काय त्यात" म्हणालं तर हे वाचून दाखवा.

नाट्यवेडा_नौपाडा

रंगभूषेच्या बाजूने थोडं. हौशी नाटकात आमचे रंगभूषाकार तेलाचे रंग वापरतात. घामाने ते सहज ओघळत नाहीत, पण वरून पावडर मारावी लागते आणि उतरवायला कोल्ड क्रीम किंवा तेल लागतं. ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या मेकअप रूममध्ये प्रयोगानंतर अर्धा तास तेच चाललेलं असतं. मुलांना हे नको. धक्का लागला की रंग शेजारच्याच्या शर्टावर जातो. कोणी "प्रोफेशनल थिएटर मेकअप" म्हणून हे विकायला आलं तर विचारा, पाण्याचे की तेलाचे? क्रायोलान घेत असाल तर ॲक्वाकलर पाण्याचा आणि सुप्राकलर तेलाचा, दुकानदार दोन्ही दाखवेल.

नेरूळ_वेस्ट

आम्ही २ नोव्हेंबर २०२५ ला डी. वाय. पाटीलवर महिला विश्वचषकाची फायनल बघायला गेलो होतो. बाहेर रस्त्यावर गालावर तिरंगा रंगवून देणारे उभे होते. एकच ब्रश, एकच पाण्याचा डबा आणि समोर येईल त्याचा गाल. आपल्या पोरींनी कप जिंकला त्या आनंदात कशाचं भान नव्हतं, पण मध्यरात्र उलटल्यावर घरी येऊन बघतो तर हिरवा रंग गालावरून निघेना. मुलगा घासून घासून रडकुंडीला आला. असा रंग काढायचा कसा?

रंगपेटी_ठाणे

@नेरूळ_वेस्ट, घासायचं नाही, वेट वाइप्सने तर नाहीच. वाइप्सने रंग पसरतो आणि कातडी लाल होते. हातावर साबणाचा किंवा बेबी शॅम्पूचा फेस करा, कोरड्या गालावरच हलक्या हाताने चोळा, मग पाणी घ्या. रंग आधी साबणात सुटायला हवा. हिरवा, निळा आणि लाल मागे हलकी छटा ठेवतात. तिथे खोबरेल तेल लावून दोन मिनिटं थांबा आणि मऊ कापडाने टिपून घ्या. उरलेली छटा सकाळच्या आंघोळीला जाते. मी डाग सोडणाऱ्या रंगांखाली आधी पांढऱ्याचा पातळ थर देते, म्हणजे काढताना त्रास होत नाही.

घणसोलीची_मेंदी

काळी मेंदी नको म्हणून मेंदीच नको असं करू नका. मी घरी कोन बनवून देते. राजस्थानातल्या सोजतची पावडर कापडातून गाळायची, लिंबाचा रस, थोडी साखर आणि निलगिरी तेलाचे थेंब घालून रात्रभर झाकून ठेवायची, सकाळी कोन भरायचे. ही मेंदी टिकत नाही, फ्रीझरमध्ये ठेवावी लागते. दुकानात महिनोन्‌महिने बाहेर पडलेला आणि तरी "दहा मिनिटांत डार्क" म्हणणारा कोन कशावर चालतो, हे तुम्हीच ओळखा. नाकाशी धरलात तर रॉकेल-टर्पेंटाइनचा वास येतो.

मुलींसाठी तळहातावर एक चांद किंवा वेल, चार तास ठेवायची. मोठ्या मुली बसतात, लहानग्या मात्र सगळं फ्रॉकला पुसतात. डॉक्टर, लहान बाळांना मेंदी लावू नये म्हणतात, ते खरं ना?

त्वचेचा_डॉक्टर_वाशी

हो, खरं आहे. ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असते त्यांच्यात शुद्ध मेंदीनेही रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. तान्ह्या बाळांत हा धोका मोठा असतो आणि बहुतेक घरांत ती तपासणी झालेली नसते. म्हणून बाळांना मेंदी नकोच. मोठ्या मुलाला ही कमतरता असल्याचं माहीत असेल तर त्यालाही नको. लहान मुलांसाठी निलगिरी तेलही टाळलेलं बरं, त्याऐवजी लव्हेंडरचे दोन-चार थेंब पुरेत.

सीवूड्सची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. पॅकेजवाल्याला नकार कळवला आणि काळी मेंदी कार्यक्रमातून काढली. कमिटीला कोपरीच्या काकांची पोस्ट वाचून दाखवली, कोणी वाद घातला नाही. आता एवढंच विचारते. दोन-तीन वर्षांच्या मुलांचं काय करायचं? चाळीस मुलांना एक कलाकार पुरेल? आणि रंगपेटीताई, तुम्ही ठाण्याहून सीवूड्सला याल का?

रंगपेटी_ठाणे

येईन की. ट्रान्स हार्बरने नेरूळ आणि तिथून सीवूड्स, पेटी घेऊन माझं जाणं-येणं असतंच. तारीख मेसेजमध्ये कळवा.

तीन वर्षांखालच्या मुलांचा चेहरा मी रंगवत नाही. ती डोळे चोळतात, बोटं तोंडात घालतात. त्यांना हातावर पाण्याने उमटणारे स्टिकर टॅटू द्या. जांभळी नाक्याच्या घाऊक दुकानांत पाकिटं मिळतात, पण मागे घटक छापलेले असतील तीच उचला. ओला स्पंज अर्धा मिनिट दाबून धरायचा, कागद सरकवून काढायचा. टॅटू काढताना खोबरेल तेल लावून थांबायचं, मग तो अलगद सुटतो.

चाळीस मुलं एकीने करायची तर तासाला दहा-बारा गाल होतात, तेही छोटी चित्रं असतील तर. पूर्ण वाघ किंवा स्पायडरमॅन म्हणजे एकेकाला दहा मिनिटं. माझ्याबरोबर कलामहाविद्यालयात शिकणारी एक मुलगी येते. दोघींमध्ये दोन तासांत सगळी मुलं होतील, चित्रं सहाच ठेवा आणि फलकावर लावा. पन्नास चित्रांची वही समोर ठेवली की मूल ठरवतच नाही आणि मागची रांग रडायला लागते. कोणीही कलाकार बोलवा, पैसे तासावर ठरवा. दर चेहऱ्यामागे ठरवले की हात घाईला येतो आणि स्पंज बदलायचा राहतो.

जागा पोडियमवर नको, क्लबहाऊसमध्ये द्या. जानेवारीतही दुपारी तुमच्याकडे दमट असतं, पाण्याचा रंग घामाला टिकत नाही. उड्या मारायचा फुगा असेल तर त्याची वेळ आधी ठेवा, रंगकाम नंतर. उंच स्टूल दोन, नळ जवळ आणि उजेड समोरून. घरच्यांकडून ॲलर्जीची माहिती आदल्या आठवड्यात ग्रुपवर मागवून ठेवा.

आता फ्लेमिंगो. माझ्याकडे गुलाबी-पांढरी जोडवडी आहे, चपटा ब्रश तिच्यावर एकदाच फिरवला की दोन्ही रंग कडेला कडे लागून येतात. तोच ब्रश गालावर वळवत नेला की मान एका दमात होते. पोट म्हणजे एक थेंब, मग बारीक ब्रशाने एकच पाय, दुसरा दुमडलेला. चोचीचं टोक काळं. मुलं ते विसरू देत नाहीत, सीवूड्सची तर मुळीच नाही, रोज बघतात ना! सगळं मिळून तीन-चार मिनिटं. माझ्या वडीचा छोटा तुकडा डबीत घालून आधीच पाठवते, डॉक्टरांनी सांगितलंय तशी हातावर चाचणी घ्या. गाल त्या दिवशी शांत नसेल तर हाच फ्लेमिंगो पोटरीवर काढू, तिथे त्याला पाय लांब द्यायला जागाही जास्त मिळते.