मत्सर नुसता पाहिल्याने विरतो का?

धागाकर्ता (खानापूर) :
आमच्या भजनात येणाऱ्या एका मुलीवर माझे मन जडले आहे. गेल्या एकादशीला भजन संपल्यावर ती बेळगावहून आलेल्या पखवाजवादकाशी कन्नडमध्ये मोकळेपणाने बोलत होती. मला कन्नड समजते, पण तितक्या सहजपणे बोलता येत नाही. त्या क्षणी छातीत जी आग पेटली, तिच्याकडे मी घरी पोहोचेपर्यंत केवळ पाहत राहिलो. तेव्हा दिसले की तीत प्रेम थोडेच होते. ‘त्याच्यापुढे मी उणा’ ही तुलना आणि जे माझे नव्हतेच ते हातचे जाईल ही भीती, यांनीच ती पेटली होती. म्हणून माझे मत असे की साधकाने मत्सर दाबू नये आणि बोलूनही दाखवू नये. साक्षी होऊन पाहावे, तो आपोआप विरतो.

प्रतिसाद (निपाणी) :
मला हे मान्य नाही. आपल्या लिहिण्यात आपण आहात, आपली साधना आहे. ती मुलगी मात्र कोठेच नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा म्हणून आपण जिची ओटी भरतो, त्या रेणुकेची कथा आठवा. महाभारताच्या वनपर्वात ती नदीवर जलक्रीडा करणाऱ्या चित्ररथ राजाला पाहते, तिचे मन क्षणभर चळते, आणि तेवढ्यावरून जमदग्नी मुलांना तिचा वध करायला सांगतात. चौघे ऐकत नाहीत, परशुराम ऐकतो. जमदग्नींचे तप काय थोडे होते? पत्नीच्या मनातली लहर ज्यांना पाहताक्षणी कळली, त्यांना स्वतःच्या मनातला वणवा दिसला नाही. माझी आजी माघी पुनवेला डोंगरावर जाऊन आली की ही कथा सांगे, आणि रेणुकेला कोणी काही विचारले का नाही, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो.

धागाकर्ता :
ताई, हे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. तप आणि आत्मनिरीक्षण एक नव्हे. जमदग्नींनी दृष्टी आत वळवली असती, तर आज्ञा ओठांवर येण्याआधीच त्यांना आपला क्रोध दिसला असता.

प्रतिसाद (बेळगाव) :
पाहणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. योगसूत्रांच्या पहिल्या पादातील 33व्या सूत्रात पतंजली सुखी माणसाविषयी मैत्रीची भावना करायला सांगतात, आणि तिने ईर्ष्येचा मळ धुतला जातो, असे टीकाकारांनी स्पष्ट केले आहे. भावना करणे म्हणजे ती मुद्दाम, पुन्हा पुन्हा मनात जोपासणे. तटस्थपणे पाहत बसणे नव्हे. आपण त्या पखवाजवादकाशी कधी बोललात का?

प्रतिसाद (निपाणी) :
आणि तिच्याशी? पुढे परशुराम आईला जिवंत करण्याचा वर मागतो, सोबत तिला वधाची आठवण राहू नये असाही मागतो. म्हणजे जिने सोसले, तिच्या वाट्याला विसरणेच आले. आपणही मनातल्या मनात त्या मुलीवर हक्क सांगितलात आणि मनातल्या मनातच तो सोडलात. तिला यातले काहीच ठाऊक नाही.

धागाकर्ता :
तिच्याशी मी टाळ-चिपळ्यांपलीकडे बोललेलो नाही. निरीक्षण अपुरे असते, हे मला अजून पटलेले नाही. परंतु ज्याच्यावर मी वाटभर जळत आलो, त्याचे नावही मी विचारले नव्हते, ही गोष्ट माझ्या निरीक्षणातून सुटली होती. तो पुढच्या एकादशीला पुन्हा येणार आहे.