हजार रुपये एन्ट्री, पहिल्याला पंधरा हजार: गोव्यातल्या कार्ड स्पर्धांत बक्षिसं कशी वाटावीत?

अंत्रुजकार

पणजीतल्या एका दुकानाच्या मॅजिक (मॅजिक: द गॅदरिंग, कार्डांचा खेळ) स्पर्धेचं पोस्टर सगळ्या ग्रूपांवर फिरतंय. एन्ट्री हजार रुपये, ३२ जणांची मर्यादा. पहिल्याला १५ हजार रोख, दुसऱ्याला ७ हजार, तिसऱ्या-चौथ्याला अडीच-अडीच. बाकी २८ जणांना काही नाही. दुकानाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण भांडण दुकानाशी नाही. पण हे असं वाटप गोव्यासारख्या लहान ठिकाणी चार-पाच स्पर्धांतच खेळाडू संपवेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

३२ जण, स्विसच्या ५ फेऱ्या (कोणी बाद होत नाही, दर फेरीत सारखे सामने जिंकलेले समोरासमोर). बरोबरी सोडून दिली तर साधारण काय होतं? एकजण पाचही जिंकतो, पाचजण चार, दहाजण तीन, दहाजण दोन, पाचजण एक, आणि एक बिचारा कोरडा. नंतर बाद फेऱ्या खेळणाऱ्या आठांत, म्हणजे टॉप ८ मध्ये, पहिले सहा सरळ जातात. उरलेल्या दोन जागांसाठी तीन सामने जिंकलेले दहाजण टायब्रेकरकडे डोळे लावून बसतात. म्हणजे पाचातले तीन जिंकूनही आठजण हात हलवत घरी. टॉप ८ गाठून लगेच हरणारे चौघेही तसेच.

तेच ३२ हजार दुसऱ्या पद्धतीने वाटून बघा. ५ फेऱ्यांत ८० सामने होतात. दर विजयाला एक बूस्टर पॅक, म्हणजे नव्या कार्डांचं बंद पाकीट, द्या. दुकानाला पॅक ३०० ला पडतं असं धरलं तर २४ हजार झाले. उरलेल्या ८ हजारांत हॉल आणि जज (पंच). तीन जिंकणाऱ्याला ९०० चा माल मिळतो आणि तो पुढच्या वेळी परत येतो.

आणखी एक गोष्ट, जी मोठ्या शहरातल्यांच्या लक्षात येणार नाही. ५ फेऱ्या आणि टॉप ८ च्या तीन, दर फेरी ५० मिनिटं, मध्ये जोड्या लावणं, जेवण. सकाळी दहाला सुरू केलं तरी निकालाला सात-साडेसात होतात. रविवारी त्या वेळी पणजीहून काणकोणला किंवा वाळपईला बसने जाऊन दाखवा. दर विजयाला पॅक असेल तर माणूस चौथ्या फेरीनंतर आपले पॅक घेऊन निघू शकतो. टॉप ८ वरच सगळं टांगलेलं असेल तर ज्याच्याकडे स्कूटर त्याचीच स्पर्धा.

टॉपकट

मग स्पर्धा कशाला म्हणतोस? सत्यनारायणाची पूजा म्हण, सगळ्यांच्या हातावर थोडा-थोडा प्रसाद.

माझ्या डेकला, म्हणजे खेळायला जमवलेल्या कार्डांच्या संचाला, चाळीस हजारांच्या वर गेले आहेत. पाच सामने जिंकून मला पाच पॅक? त्यातली निम्म्याहून जास्त कार्डं कोणी फुकट घेत नाही. रोख ती रोख. पंधरा हजार पोस्टरवर दिसले म्हणून कोल्हापूर, बेळगाव, पुण्याची पोरं गाडी करून येतात. ती आली की आपल्याला कळतं आपण किती पाण्यात आहोत. तीच बारा तोंडं एकमेकांशी खेळून कोण सुधारलंय?

आणि हा खेळ मोठा झाला तोच पैशामुळे. मॅजिक १९९३ मध्ये आलं, १९९६ मध्ये न्यूयॉर्कला पहिली प्रो टूर झाली, रोख बक्षिसांची. पत्ते खेळून पैसे मिळवता येतात म्हटल्यावर लोकांनी डेकचा अभ्यास सुरू केला.

अंत्रुजकार

प्रो टूरचा पैसा कंपनीचा होता रे. तुझे पंधरा हजार माझ्या आणि त्या कोरड्या राहिलेल्या पोराच्या खिशातले आहेत. हा फरक तू सोयीने गिळतोस.

नाईट शिफ्टवाला

मी मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर कामाला आहे, पोकरच्या टेबलांशी रोजचा संबंध. हसू नका, पण या बाबतीत आमचा धंदा तुमच्यापेक्षा स्वच्छ आहे.

पोकर स्पर्धेची एन्ट्री दोन आकड्यांत लिहितात. समजा दहा हजार अधिक एक हजार. दहा बक्षिसात, एक घरचा, म्हणजे कॅसिनोचा. खेळायला बसण्याआधी प्रत्येकाला ठाऊक असतं की आपल्यातले किती परत वाटले जाणार आणि किती घर ठेवणार. आणि बक्षीस पहिल्या चौघांतच संपत नाही. लास वेगासच्या पोकरच्या वर्ल्ड सीरिजमध्ये साधारण पंधरा टक्के खेळाडूंना काहीतरी मिळतं. तुमच्या पोस्टरवर ३२ पैकी चार म्हणजे साडेबारा टक्के. जुगार म्हणून ज्याला नाक मुरडता तोसुद्धा इतका कंजूष नाही.

पोस्टरवरची बक्षिसं बेरीज केली तर २७ हजार होतात. ५ हजार कुठे गेले ते कुठेच लिहिलेलं नाही. गेले असतील रास्त ठिकाणी. लिहा ना मग.

फोंड्याची एक आई

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, पोकेमॉन खेळतो. तुमच्या चर्चेत शिरते म्हणून राग मानू नका. पोकेमॉनमध्ये वयाचे गट आहेत, ज्युनियर, सीनियर आणि मास्टर्स. दुकानातल्या स्पर्धेत त्याला पॅक, एखादं प्रोमो कार्ड आणि पॉइंट मिळतात. त्या पॉइंटांसाठीच तो जीव टाकतो. घरी येऊन सांगतो, आई आज इतके झाले. रोख बक्षीस असतं तर मी त्याला पाठवलाच नसता.

ज्या बोटींबद्दल वर लिहिलंय तिथे एकवीस वर्षांखालच्याला आत घेत नाहीत. तुमच्या या हजार रुपयांच्या स्पर्धेत वयाची अट आहे का? पोस्टरवर तर मला दिसली नाही.

टॉपकट

ताई, हा जुगार नाही. कौशल्याचा खेळ आहे. डेक बांधण्यात महिने जातात.

फोंड्याची एक आई

कौशल्याचा आहे हे मान्य. पण तो हरून आला की हजार रुपये कौशल्याने गेले की नशिबाने, याने मला काय फरक पडतो? गेले ते गेले.

काळा कोट

कौशल्य आणि जुगार या दोन शब्दांवर इथे नेहमी गाडी अडते, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

१९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याच्या स्पर्धा जुगारापासून वेगळ्या काढल्या. १९६८ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरला. इथवर सगळेजण सांगतात. पण त्याच निकालात पुढे असंही म्हटलंय की पैसे लावून चाललेल्या खेळातून जागेचा मालक किंवा क्लब स्वतः नफा काढत असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा लागू शकतो. हे वाक्य कोणी वाचत नाही.

म्हणून नाईट शिफ्टवाल्यांचा मुद्दा नुसता सभ्यतेचा नाही. हॉलचं भाडं, जजचं मानधन हा खर्च झाला. बक्षिसाच्या गंगाजळीतून टक्केवारी खिशात घालणं ही वेगळी गोष्ट झाली. आयोजकाने हे दोन हिशोब वेगळे ठेवावेत आणि कागदावर ठेवावेत. गोव्याचा स्वतःचा १९७६ चा जुगारविरोधी कायदा आहे आणि त्यात पुढे केलेल्या सवलती पंचतारांकित हॉटेलांसाठी आणि बोटींसाठी आहेत, कार्डांच्या दुकानांसाठी नाहीत.

दुसरं, कर. पत्त्यांच्या खेळातली जिंकलेली रक्कम आयकरात लॉटरीच्याच रांगेत बसते. बक्षीस दहा हजारांच्या वर गेलं की देणाऱ्याने तीस टक्के कापून द्यायचे. म्हणजे पंधरा हजारांतले साडेचार हजार गेले, हातात साडेदहा. आणि वर्षभर हरलेल्या एन्ट्री फीची वजावट मिळत नाही.

टॉपकट

सोपं आहे. पहिलं बक्षीस ९,९०० ठेवा.

काळा कोट

त्याने आयोजकाची कापणी वाचते, तुझा कर वाचत नाही. तो तुला स्वतः भरावा लागतो. भरशील?

टॉपकट

पुढचा प्रश्न विचारा.

नीळकंठ ड्रॅगन

यू-गि-ओवाल्यांची बाजू कोणी मांडत नाही म्हणून आलो. आमची कार्डं काढणारी कंपनी कोनामी मोठ्या स्पर्धांतसुद्धा रोख देत नाही. प्राईज कार्ड देते, मॅट देते, असंच काही. तरी लोक येतात, शेकड्यांनी येतात. रोख नसल्यामुळे खेळ मेला असं अजून तरी झालेलं नाही.

अंत्रुजकार

तुमचं प्राईज कार्ड दुसऱ्या दिवशी विक्रीला निघतं आणि त्याला लॅपटॉपएवढी किंमत येते. रोखच ती, फक्त मागच्या दाराने.

नीळकंठ ड्रॅगन

असू दे की. पण ती रक्कम हरलेल्यांच्या खिशातून आलेली नसते. कार्ड छापणाऱ्याने दिलं, हौशी माणसाने विकत घेतलं. वर तूच टॉपकटला हे शिकवलंस ना?

पटावरचा

मी बुद्धिबळाच्या स्पर्धांना मदत करतो. आमच्याकडेही हाच वाद जुना आहे. २०२५ चा विश्वचषक गोव्यात झाला, २०६ खेळाडू, एकूण २० लाख डॉलरची बक्षिसं, पहिल्या फेरीत बाहेर पडणाऱ्यालाही पैसे. ते बघून आमच्याकडचे पालक तालुक्याच्या स्पर्धेतही मोठ्या बक्षिसांची अपेक्षा धरू लागले. तिथला पैसा वरून येतो, तालुक्यात तो फीमधूनच काढावा लागतो.

आम्ही एक गोष्ट करतो जी तुम्हाला घेता येईल. मुख्य बक्षिसांशिवाय गटवार बक्षिसं: रेटिंग नसलेल्यांत पहिला, पंधरा वर्षांखालील पहिला, मुलींत पहिली. रक्कम लहान असते, पण नवख्याचा सामना शेवटच्या फेरीपर्यंत जिवंत राहतो. तुमच्याकडे रेटिंग नाही तर पहिल्याच स्पर्धेला आलेल्यांत सर्वोत्तम असं ठेवा.

पेडणेकार

दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्यांच्या स्पर्धेला प्रत्येक नाक्यावर प्रायोजक मिळतो आणि रात्रभर उभा राहून पहाटे जाळायचा असतो तो. आपण वर्षभर खेळतो, आपल्याला एक वडापाववाला प्रायोजक मिळत नाही. यावर कोणी बोलेल का?

टॉपकट

पेडणेकाराचं बरोबर आहे, पण प्रायोजक कशाने येतो? मोठा आकडा दिसला तर. पॅकवाल्या स्पर्धेचा फोटो कोण छापणार?

अंत्रुजकाराच्या गणितात एक भोक आहे. दर विजयाला पॅक म्हणजे शेवटच्या फेरीत चार जिंकलेल्याला आणि एक जिंकलेल्याला सारखंच मिळणार, एक पॅक. मग चुरस कसली? पाचव्या फेरीला निम्मी टेबलं गप्पा मारत बसतील.

अंत्रुजकार

आणि तुझ्या पद्धतीत पाचव्या फेरीला वरची टेबलं काय करतात? हात मिळवून बरोबरी घेतात, दोघेही टॉप ८ मध्ये, आणि तासभर बाहेर चहा. नियमात बसतं, कबूल. पण चुरशीचं नाव तू काढू नकोस. पुढे उपांत्य फेरीत चौघे मिळून बक्षीस वाटून घेतात, कारण १५ आणि अडीच हजारांतली दरी एका वाईट हातावर कोणालाच सोडायची नसते. खेळाडू स्वतःच तुझं वाटप दुरुस्त करून घेतात. मग पोस्टरवरच सपाट छापलं तर काय बिघडलं?

जजचा मित्र

वाटून घेण्याबद्दल एक इशारा, कारण गेल्या काही स्पर्धांत पोरं बेसावध बोलताना ऐकली. बक्षीस सारखं वाटायचं ठरवणं मॅजिकमध्ये चालतं. ‘तू सामना सोड, मी तुला दोन हजार देतो’ हे चालत नाही, ती लाच, त्याला शिक्षा आहे. गंमतीत म्हटलं तरी. शंका असेल तर तोंड उघडण्याआधी जजला बोलवा. आणि खरं सांगायचं तर असल्या भानगडी पॅकच्या स्पर्धेत मी पाहिलेल्या नाहीत. पॅकसाठी कोण लाच देतो?

आयोजक

पोस्टर माझं. एवढं वाचल्यावर गप्प बसणं बरं दिसत नाही.

५ हजारांचा हिशोब: हॉल साडेतीन, जज एक हजार, उरलेल्या पाचशेत छपाई आणि पाण्याचे कॅन. माझ्या हातात शून्य. मी कमावतो ते त्या दिवशी विकल्या जाणाऱ्या स्लीव्ह (कार्डांची कव्हरं), पॅक आणि सुट्या कार्डांवर. आणि ३२ ऐवजी १८ जण आले तर? बक्षीस मी गॅरंटीड लिहिलंय. १८ हजार जमा, ३२ खर्च, फरक माझ्या खिशातून. पॅकवाल्यांचं गणित एन्ट्रीनुसार लवचिक आहे हे मान्य, पण ‘किती लोक येतील त्यावर बक्षीस’ लिहिलं की कोल्हापूरवाला येत नाही. हे मी करून बसलोय.

वयाचा प्रश्न रास्त आहे. त्या ताईंना सांगतो, या स्पर्धेला अठराची अट घालतो, आजच पोस्टर बदलतो. मुलांसाठी त्याच दिवशी शेजारच्या खोलीत दोनशे रुपयांची, पॅकवाली वेगळी ठेवतो.

पहिलं बक्षीस १५ वरून १० वर आणतो. सुटलेल्या ५ हजारांतून टॉप ८ मधल्या उरलेल्या चौघांना हजार-हजार. राहिलेला एक हजार पहिल्यांदाच येणाऱ्यांतल्या सर्वोत्तम खेळाडूला, पटावरच्यांच्या सांगण्यावरून. दर विजयाला पॅक मात्र नाही. ते मला परवडत नाही आणि मला आवडतही नाही.

काळा कोट

दहा हजारांवर कापणी नाही, दहाच्या वर एक रुपया गेला तर आहे. आकडा बरोबर निवडलात.

टॉपकट

पाच हजार माझे गेले ना शेवटी.

अंत्रुजकार

तू जिंकणार हे तू आधीच धरलंस?

टॉपकट

चाळीस हजारांचा डेक काय शोकेसमध्ये ठेवायला घेतलाय?

नाईट शिफ्टवाला

पोस्टरवर ‘२७ बक्षीस, ५ खर्च’ हेही छापा. इथे धाग्यात लिहून काय उपयोग, कोल्हापूरवाला हा धागा वाचत नाही.

आयोजक

छापतो.

पेडणेकार

हॉल कुठला ते सांगा, आणि पेडण्याहून येणाऱ्या गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. पेट्रोल वाटून घेऊ. सारखं वाटून.