जो लुई निवृत्तीनंतर परत का उतरला? आणि तो नेमका कधी संपला?

केतकी_नाशिक

नमस्कार मंडळी. मी हल्ली बॉक्सिंग शिकतेय, त्यामुळे जुन्या लढती शोधून बघायचा नाद लागलाय. परवा जो लुई विरुद्ध रॉकी मार्सियानो बघितली. २६ ऑक्टोबर १९५१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. आठव्या फेरीत लुई दोरांमधून मागे कोसळतो आणि रिंगच्या कडेवर आडवा पडतो. त्यापुढे मला बघवेना.

हाच माणूस जून १९३७ पासून मार्च १९४९ पर्यंत हेवीवेटचा जगज्जेता होता. २५ वेळा किताब राखला आणि जगज्जेता असतानाच निवृत्त झाला. मग दीड वर्षात परत का आला? सगळीकडे लिहिलेलं असतं की वय झालं होतं. ३७ हे खरंच एवढं वय आहे का? आमचे सर तर म्हणतात की तो १९४७ मध्येच संपला होता. जाणकारांनी जरा समजावून सांगा.

हर्षद_ठाणे

थोडक्यात उत्तर: इन्कम टॅक्स. देणं पाच लाख डॉलरच्या घरात गेलं होतं म्हणतात. पण त्याचा स्वतःचाही हात सैल होता. गोल्फवर पैजा, मित्रांचा गोतावळा, बुडालेले धंदे. सगळा दोष सरकारवर टाकता येणार नाही.

सुभेदार_सातारा

केतकी बेटा, प्रश्न चांगला विचारलास. मी फौजेत मिडलवेटला खेळलो आणि नंतर बरीच वर्षं पोरांच्या हाताला पट्ट्या बांधल्या. लुईवर माझा फार जीव आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी वयाचं. ५ डिसेंबर १९४७ ला याच गार्डनमध्ये जर्सी जो वॉलकॉटने लुईला पहिल्या आणि चौथ्या फेरीत खाली पाडलं. पंधरा फेऱ्या संपल्यावर लुई निकालाची वाट न बघता रिंगमधून निघाला होता, त्याच्या माणसांनी त्याला थांबवलं. दोन परीक्षकांनी लुईला विजयी ठरवलं, रेफ्री रुबी गोल्डस्टीनने वॉलकॉटला. तुझे सर म्हणतात ती हीच लढत. आता गंमत बघ. वॉलकॉटचा जन्म जानेवारी १९१४ चा, लुईचा मे १९१४ चा. म्हणजे वॉलकॉटच थोरला. आणि जुलै १९५१ मध्ये पिट्सबर्गला एझार्ड चार्ल्सला एका डाव्या हुकवर (बाजूने वळवून मारलेल्या ठोशावर) झोपवून तो जगज्जेता झाला, तोही ३७ व्या वर्षी! म्हणजे नुसत्या वयाने लुईचं उत्तर मिळत नाही.

फरक खेळाच्या ढंगात होता. वॉलकॉट सरकत, हुलकावण्या देत खेळायचा. दोन पावलं मागे, एक बाजूला, मधूनच पाठ फिरवल्यासारखं करून ठोसा. असा खेळाडू वय झाल्यावर लबाडीवर चार वर्षं काढतो. लुईचं तसं नव्हतं. तो पाय घासत घासत समोरच्याच्या दिशेने जायचा आणि त्याच्या चुकीची वाट बघायचा. त्याचा उजवा ठोसा नीट बघ. हात मागे नेऊन ताकद गोळा करणं नाही. कोपर बरगडीला, मूठ हनुवटीपाशी, तिथून सरळ, अंतर जेमतेम वीतभर. २२ जून १९३८ ला मॅक्स श्मेलिंग पहिल्याच फेरीत, दोन मिनिटं चार सेकंदांत संपला तो याच हाताने. हा ठोसा मारायला मागचा पाय आधीच रोवलेला लागतो, आणि फट दिसल्या क्षणी हात सुटावा लागतो. विचार केला की फट बंद. खेळाडूचं पहिलं जातं ते हेच. ताकद शेवटपर्यंत राहते, सराव करताना पिशवी तशीच हलते, त्यामुळे त्याला स्वतःलाही कळत नाही. कोपऱ्यातल्या माणसाला, म्हणजे प्रशिक्षकाला, मात्र दिसतं. हात तयार असतो, खांदा थरथरतो, आणि ठोसा सुटत नाही.

हे का झालं? लुईची उमेदीची वर्षं युद्धात गेली. मार्च १९४२ नंतर जून १९४६ पर्यंत त्याची किताबासाठी एकही लढत नाही. वय २७ ते ३२. हेवीवेटचा ऐन बहर तो. त्या काळात तो सैन्यात होता, सैनिकांपुढे प्रदर्शनीय लढती खेळत होता, पण प्रदर्शनीय लढतीत ती धार टिकत नाही. त्याला घडवणारे जॅक ब्लॅकबर्न एप्रिल १९४२ मध्येच गेले. पुढे मॅनी सीमन होते, मेहनत करून घेणारे, पण लुईच्या पायांची ठेवण ब्लॅकबर्नची होती आणि ती बिघडल्यावर ओरडणारा आवाज राहिला नव्हता. मला तरी हे नुकसान चार वर्षांइतकंच मोठं वाटतं.

आणि तरीही १९४७ ला संपला असं मी म्हणणार नाही. २५ जून १९४८, यांकी स्टेडियम, वॉलकॉटशी परतीची लढत. तिसऱ्या फेरीत लुई पुन्हा खाली. गुणांवर मागे पडत चाललेला. अकराव्या फेरीत वॉलकॉट क्षणभर समोर थांबला आणि तो जुना उजवा हात सुटला. वॉलकॉट संपला. १ मार्च १९४९ ला निवृत्ती जाहीर. तिथे सगळं थांबायला हवं होतं. नाही थांबलं, याचा मला आजही राग येतो.

२७ सप्टेंबर १९५० ला त्याला थेट चार्ल्ससमोर उभं केलं. मधे सरावाची एक खरी लढत नाही. वजन २१८ पौंड, समोरचा तीसेक पौंडांनी हलका आणि दुप्पट चपळ. यांकी स्टेडियम अर्धंसुद्धा भरलं नव्हतं. पंधरा फेऱ्या चार्ल्सने त्याला जॅबच्या (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या) टप्प्यात घेऊन मारलं, चेहरा सुजवला, निकाल एकमताने चार्ल्सकडे. ज्या पोराने लहानपणापासून लुईलाच मानलं होतं, त्याच्याच हातून.

त्यानंतर लोक विसरतात अशा आठ लढती त्याने लागोपाठ जिंकल्या. सेझार ब्रियॉन दोनदा, ओमेलियो अग्रामोंते दोनदा, फ्रेडी बेशोर, अँडी वॉकर, ली सॅव्होल्ड, जिमी बिव्हिन्स. या सगळ्या डाव्या हाताच्या लढती. जॅब शेवटपर्यंत अव्वल होता. फक्त सॅव्होल्डला १५ जून १९५१ ला सहाव्या फेरीत त्याने स्वच्छ झोपवलं, आणि तिथेच घात झाला. सगळ्यांना वाटलं जुना लुई परत आला.

मार्सियानो तेव्हा २८ वर्षांचा, अपराजित, उंचीला लुईपेक्षा कमी, हाताची पोच जवळपास आठ इंचांनी तोकडी. पहिल्या काही फेऱ्या बघ, लुईचा जॅब त्याला वरचेवर लागतोय. सातव्या फेरीपर्यंत मार्सियानो पुढे होता, पण लुई लढतीबाहेर गेलेला नव्हता. मात्र जॅब लागल्यावर मागून जो उजवा यायला हवा तो येत नाही. मार्सियानोला हे लवकर कळलं. ज्याला उजव्याची भीती नाही तो जॅब खात खात आत शिरतो. आत शिरल्यावर त्याने दंड, बरगड्या, जे सापडेल ते ठोकून काढलं. आठव्यात डाव्या हुकवर लुई खाली गेला, रेफ्रीचे आठ अंक होईपर्यंत थांबून उठला. पुढचे हुक त्याला दिसतायत, पण हात वर यायला उशीर होतोय. मग उजवा, आणि लुई दोरांबाहेर. रेफ्री पुन्हा तोच रुबी गोल्डस्टीन. त्याने अंक मोजलेच नाहीत, लढत थांबवली. चांगलं केलं.

हर्षदराव, हात सैल होता हे मान्य. पण एक सांगतो. डेट्रॉइटमध्ये गरिबीत घराला सरकारी मदत घ्यावी लागली होती. हातात पैसा आल्यावर या पोराने ती रक्कम नगरपालिकेला परत केली. जानेवारी १९४२ मध्ये बडी बेअरशी किताब पणाला लावून लढला, ती कमाई नौदलाच्या निधीला दिली. मार्चमध्ये एब सायमनशी लढला, ती लष्कराच्या निधीला. या दुसऱ्या लढतीच्या वेळी तो स्वतः महिना २१ डॉलरचा साधा शिपाई होता. मी फौजी आहे, मला हे सोडून पुढे जाता येत नाही.

सीए_प्रसाद

सुभेदारसाहेब, फार सुंदर. कराचा भाग मी जोडतो, कारण नुसतं टॅक्स थकला म्हटलं की त्यातला फास कळत नाही.

युद्धाच्या काळात लुईने प्रवर्तक माइक जेकब्झ आणि मॅनेजरकडून मोठ्या उचली घेतल्या. १९ जून १९४६ ला बिली कॉनशी दुसरी लढत झाली, लुईचा वाटा सहा लाख डॉलरच्या वर गेला. त्यातून उचली फेडल्या, मॅनेजरचा हिस्सा गेला. आता उचल फेडणं हा काही खर्च धरला जात नाही. पैसे सावकाराकडे गेले तरी तुमचं उत्पन्न पूर्ण, कर पूर्ण. त्या काळी अमेरिकेत वरच्या पायरीचा दर ९० टक्क्यांच्या घरात होता. म्हणजे हातात रोख नाही आणि कर उभा. त्यावर व्याज.

खरा फास पुढे. जुनं देणं फेडायला नवी लढत खेळायची, तर नव्या कमाईवरही तोच दर. वरच्या पायरीला १०० डॉलर मिळाले तर जेमतेम १० हातात राहणार, आणि त्यात जगायचंही आहे. तिकडे व्याज चालूच. या गणितात कितीही लढती खेळा, मुद्दल हलत नाही. त्याला वेळेवर कोणीतरी समोर बसवून हे कागदावर मांडून दाखवायला हवं होतं. माझ्या धंद्यातल्या माणसांचं ते काम होतं, आणि ते झालं नाही.

केतकी_नाशिक

प्रसाददादा, हे मला पहिल्यांदा कळलं. म्हणजे मार्सियानोच्या लढतीचे पैसेही तिकडेच गेले असणार. सुभेदार काका, त्या रात्रीनंतर काय झालं त्याचं? आणि कर शेवटी माफ झाला का?

सुभेदार_सातारा

त्या रात्री बॉक्सर शुगर रे रॉबिन्सन रिंगच्या कडेलाच बसला होता, लुई पडल्याबरोबर तो धावत वर गेला. मार्सियानो लुईच्या खोलीत जाऊन रडला. लहानपणापासून दैवत मानलेल्या माणसाला आपल्या हाताने पाडलं, त्याला ते झेपलं नाही. प्रदर्शनीय लढती सोडल्या तर लुई पुन्हा कधी बॉक्सिंगची लढत खेळला नाही. ६९ लढती, त्यांत ६६ विजय, तीन पराभव. एक श्मेलिंगकडून १९३६ मध्ये, बाकी दोन या परतीच्या काळातले. म्हणजे १९४९ ला थांबू दिलं असतं तर पराभव एकच राहिला असता.

पुढचं लिहायला जड जातं. १९५६ मध्ये कुस्तीच्या तमाशात उतरला, ठरवलेल्या कुस्त्या, तिथे बरगड्या मोडून घेतल्या. देणं फुगत दहा लाखांवर गेलं. १९५९ मध्ये लॉस एंजेलिसच्या वकील मार्था जेफर्सनशी लग्न झालं, आणि त्या बाईंनी त्याला सावरलं. साठच्या दशकात कर खात्याने मागचं देणं वसूल होणार नाही हे ओळखून चालू कमाईवरच्या करावर समाधान मानलं. मग लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये पाहुण्यांचं स्वागत करायची नोकरी. १९७० मध्ये काही महिने मनोरुग्णालयात. १९७७ मध्ये हृदयाची शस्त्रक्रिया आणि नंतर चाकांची खुर्ची. ११ एप्रिल १९८१ ला त्याच सीझर्स पॅलेसमध्ये लॅरी होम्स विरुद्ध ट्रेव्हर बर्बिक बघायला त्याला खुर्चीत बसवून आणलं होतं, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी गेला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नियम शिथिल करून त्याला आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीत जागा दिली. अंत्यविधीच्या खर्चाला श्मेलिंगनेही हातभार लावला.

हर्षद_ठाणे

साहेब, दोन लढतींची कमाई देऊन टाकलेली मला माहीत नव्हती. माझं वरचं वाक्य जरा तुटक झालं होतं. सॅव्होल्डची लढत बघितली नाहीये, ती आता शोधतो.

सुभेदार_सातारा

सॅव्होल्डची मिळाली तर बघा, नाही मिळाली तरी चालेल. केतकी, तू मात्र १९४८ ची वॉलकॉट बघ, आणि सगळी बघ, नुसती अकरावी फेरी नको. दहा फेऱ्या हात बघू नकोस, लुईचा मागचा पाय बघ. तो कुठे ठेवतोय, किती वेळा रोवून परत उचलतोय, ते लिहून काढ. मग अकरावी लाव. त्यानंतर मार्सियानोची लढत पुन्हा बघ, त्याच पायाकडे. तुझ्या सरांनाही सोबत बसव, आणि काय दिसलं ते इथे लिही.