धोका की जोखीम? आणि ‘जनुकीय’ म्हणजे ‘आनुवंशिक’च का?

मंडळी, तीन शब्दांवर अडलेय. माझा मामा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका डाय हाऊसला आहे, तीस वर्षं झाली, टॉवेलच्या सुताला रंग द्यायचं काम. हल्ली ड्रमसोबत सेफ्टी शीट येते, सगळी इंग्रजीत, तर सुपरवायझर म्हणाले मराठीत करून द्या, भिंतीवर लावतो. निम्मे कामगार घरी तेलुगू बोलतात पण मराठी सगळ्यांना वाचता येतं.

लहानपणी मी डबा द्यायला जायचे तेव्हा तिथं नॅप्थॉलचं काम चालायचं, म्हणजे दोन रसायनं सुतावरच एकत्र येऊन रंग तयार व्हायचा. बेस म्हणजे त्यातलं दुसरं रसायन, ते ‘डायझो’ करायला, म्हणजे नॅप्थॉलशी जुळण्याजोगं करायला, थंड लागतं म्हणून बर्फाच्या लाद्या फोडून टबात टाकायचे, आणि नॅप्थॉलमधून काढलेली लडी त्यात बुडवली की डोळ्यादेखत लालभडक. मामाचे हात कोपरापर्यंत लाल असायचे, जेवताना नखांच्या कडा लालच. त्या हातांसाठी लिहितेय म्हणून शब्द चुकायला नको वाटतं.

पहिला घोळ. हॅझर्ड आणि रिस्क, मी दोन्हीला ‘धोका’ लिहिलं आणि वाचून बघितलं तर काहीच कळेना. हॅझर्ड म्हणजे त्या पावडरीच्या अंगचा गुण, झाकण बंद असलं तरी तो असतोच. रिस्क म्हणजे झाकण उघडल्यावर किती पावडर नाकात गेली, किती कातडीतून आत गेली, किती वर्षं, त्यावर ठरतं. रिस्कला मी ‘जोखीम’ म्हणतेय. आजी म्हणायची ना, अंगावर जोखीम असताना एसटीत झोपू नको, म्हणजे दागिने. शिवाय जोखणे म्हणजे वजन करणे, तेही कानाला जवळचं, रिस्क असेसमेंटला सरळ ‘जोखीम जोखणे’ म्हटलं तर चालेल का? हॅझर्डला ‘धोका’च ठेवू की ‘घातक गुण’?

दुसरा घोळ मामीमुळे कळला. एका ओळीला मी ‘जनुकीय दोष होऊ शकतात’ लिहिलं होतं, ते तिला वाचून दाखवलं तर ती एकदम गप्प झाली, मग म्हणली, म्हंजे पोराला पण होतंय की काय? मामेभावाच्या लग्नाचं बघणं चालू आहे, तिच्या डोक्यात तेच. मला उत्तर देता येईना.

तिसरा शब्द सगळ्यात छोटा, ‘शकतो’. त्याबद्दल कुणी सांगेल का?

प्रतिसाद:
‘घातक गुण’ला माझं मत. ‘धोका’ सोलापुरात विश्वासघातालाही वापरतात, धोका दिला म्हणतात, भिंतीवर नको. ‘शकतो’चं सांगतो, केमिस्ट्री शिकवत होतो म्हणून. त्या शीटवर दोन वेगळी वाक्यं असतात, एक ‘कॅन्सर होऊ शकतो’ आणि दुसरं ‘कॅन्सर होत असल्याचा संशय आहे’. पहिलं जास्त पक्कं, पण मराठी कानाला ‘होऊ शकतो’ म्हणजे झाला तर झाला असं ढिलं वाटतं आणि लोक संशयालाच जास्त घाबरतात, म्हणजे बरोबर उलटं. पहिल्याला सरळ ‘याने कॅन्सर होतो’ लिहा.

आणखी एक, शीटवर कॅन्सरचा गट क्रमांक आला तर ‘एक नंबरचा घातक’ असं करू नका. ही गटवारी फ्रान्समधल्या लिऑंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था करते, आणि गट सांगतो की पुरावा किती पक्का आहे, कॅन्सर किती जणांना होईल ते नाही. रंग बनवायला वापरायचे ते बेंझिडीन गट १ मध्ये, तंबाखू गट १ मध्ये, ऊनही गट १ मध्ये, २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांसही त्यातच घातलं, म्हणून जोखीम सारखी होते का? नाही.

रंगाचा आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचा संबंध फार जुना आहे, १८९५ मध्ये फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या सर्जनने रंग कारखान्यातल्या कामगारांच्या गाठींबद्दल मांडलं होतं. आपल्याकडे बेंझिडीनवर आधारलेल्या रंगांवर १९९३ मध्ये आणि आणखी काही ॲझो (डायझोपासून बनणाऱ्या) रंगांवर १९९७ मध्ये बंदी आली. कॅन्सर दिसायला वीस-वीस वर्षं जातात, तेव्हा मामांनी लघवी तपासून घ्यावी, लाल झाली तर ‘उष्णता वाढली’ म्हणून सोडू नये.

प्रतिसाद:
ताई, मामींना आधी सांगा. जनुकीय म्हणजे जनुकातला बदल, तो शरीरातल्या कुठल्याही पेशीत होतो. मूत्राशयाच्या पेशीत झाला तर तिथंच राहतो, पोराला जात नाही. आनुवंशिक तेव्हाच, जेव्हा बदल बीजांडात किंवा शुक्राणूत होतो. पण शीटवरची ती ओळ मुख्यतः ह्याच दुसऱ्या प्रकाराची असते, त्यामुळे तिथं ‘पुढच्या पिढीत जाणारा दोष’ असं उलगडून लिहा, आणि ती ओळ नक्की कुठल्या ड्रमवर आहे ते बघा, सगळ्या रंगांवर नसते. म्युटेशनला ‘उत्परिवर्तन’ नका लिहू हो, भिंतीवर कोण वाचणार.

माझं उत्तर:
सर, ताई, दोघांचे आभार. शीट परत काढून बघितली. ती ओळ रंगाच्या ड्रमवर नाहीच, एका सॉल्व्हंटच्या कॅनवर आहे आणि तो कॅन मामाच्या खात्यात येत नाही, मेंटेनन्सवाले वापरतात. मामीला लगेच फोन केला, तिनं दोनदा विचारून घेतलं, मग म्हणली बरं, जेवून घे. मेंटेनन्सच्या पोरांसाठी वेगळा कागद करतेय. मामाचा फलक असा केलाय, बघा कुठं खटकतंय का:

‘या पावडरीने कॅन्सर होतो. श्वासातून आणि कातडीतून अंगात जाते. मास्क आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घातल्याशिवाय झाकण उघडू नका. हात धुतल्याशिवाय जेवू नका, तंबाखू मळू नका.’

तंबाखूचं मामानंच घालायला सांगितलं. तळहातावर रंग असतो आणि त्याच तळहातावर चुना-तंबाखू मळतात सगळे, तो म्हणला.