नवीन मुलांना आधी काय वाचायला द्यायचं?
आपल्या नाटकाच्या ग्रुपमधल्या नवीन मुलांना वाचायला काय द्यायचं असं विचारलंय ना, तर थिअरीच्या आधी नट डॉ. श्रीराम लागूंचं आत्मचरित्र 'लमाण' द्या. १९७० ला 'नटसम्राट' पहिल्यांदा रंगमंचावर आलं तेव्हा त्यातला मुख्य रोल, आप्पा बेलवलकर, लागूंनीच केला होता, आणि लिहिणारे शिरवाडकर आपल्या नाशकातले, नाटककार वसंत कानेटकर पण इथलेच, मग सुरुवात घरापासूनच करूया की! सार्वजनिक वाचनालयातून दोघांची नाटकं आणा आणि गोल करून बसून मोठ्याने वाचा, रोल बदलून बदलून. मनात वाचून नाटक कळत नाही हो, श्वास कुठे घ्यायचा ते वाक्य तोंडातून गेल्यावरच समजतं. स्टॅनिस्लाव्हस्की, म्हणजे त्या रशियन दिग्दर्शकाची अभिनयाची थिअरी, नंतर, एखादा प्रयोग झाल्यावर. आणि लाइट्सवाल्या पोरालाही वाचनाला बसवा प्लीज, त्याच्या हातात नुसता क्यूंचा (कुठल्या वाक्याला कुठला लाइट, त्याचा) कागद देऊ नका.