अँड्रॉइड स्टुडिओ: कोड, प्रीव्ह्यू, लॉगकॅट आणि एम्युलेटर एका स्क्रीनवर बसवायचे कसे?

उंबरठा (प्रश्न; पुढे इतर सदस्यांची उत्तरे)

१४ इंची लॅपटॉप, विंडोज ११, रिझोल्यूशन १९२० बाय १०८०, स्केलिंग १५०%. ऑफिसात याच लॅपटॉपला २४ इंची मॉनिटर जोडलेला असतो, घरी नसतो. अँड्रॉइड स्टुडिओ (अँड्रॉइड अ‍ॅप बनवायचे सॉफ्टवेअर) अलीकडची आहे, नवा यूआय (तिचे नवे रूप) चालू आहे, सगळे काम कंपोझमध्ये (कोडमधूनच अ‍ॅपचा स्क्रीन रचायची पद्धत). अडचणी अशा:

कंपोझची कोणतीही फाइल उघडली की ती स्प्लिटमध्येच उघडते. उजवीकडे प्रीव्ह्यू (स्क्रीन कसा दिसेल त्याचे चित्र) येतो आणि कोडला जेमतेम अर्धी रुंदी उरते.

लॉगकॅट (फोनवरून येणाऱ्या नोंदींची विंडो) खाली उघडले की ते या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरते. मग रनिंग डिव्हायसेस विंडोतला फोन (खरा किंवा एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवरचा आभासी फोन) काडेपेटीएवढा होतो.

लॉगकॅट 'विंडो' मोडमध्ये नेऊन मॉनिटरवर ठेवले होते. मॉनिटर काढल्यावर ते दिसतच नाही. पट्टीवरचा आयकॉन मात्र चालू दिसतो.

दोन ठिकाणच्या दोन मांडण्या रोज हाताने लावायच्या का, की काही सोय आहे?

---

पाणपोई

आधी जागेचा हिशेब. १५०% स्केलिंगला तुमच्या आयडीईच्या (म्हणजे स्टुडिओच्या) वाट्याला १२८० बाय ७२० एवढीच जागा येते. त्यात चार गोष्टी एकदम मावणार नाहीत, मांडणी कितीही बदला. घरी कोणत्या दोन गोष्टी सतत दिसायला हव्यात ते ठरवा, बाकीच्या कीबोर्डवरून हव्या तेव्हा आणा. आधी 'व्ह्यू > अपिअरन्स > कॉम्पॅक्ट मोड' चालू करा. टूलबार, टॅब आणि पट्ट्या बारीक होतात. नव्या यूआयने घेतलेल्या जागेतली बरीचशी तेवढ्यानेच परत मिळते.

आता फोन लहान दिसण्याचे कारण. मुळात खालच्या टूल विंडोला (एडिटरभोवतीच्या लॉगकॅट, प्रोजेक्ट अशा विंडो) पूर्ण रुंदी मिळते आणि डाव्या-उजव्या विंडोंची उंची त्यामुळे कापली जाते. फोन उभा आणि लांबट, त्यामुळे उंची गेली की चित्र आक्रसते. उजवी विंडो रुंद करून काही होत नाही, फक्त दोन बाजूंना रिकामी जागा वाढते. 'सेटिंग्ज > अपिअरन्स अँड बिहेविअर > अपिअरन्स' मध्ये खाली टूल विंडोजचा विभाग आहे. तिथे 'वाइडस्क्रीन टूल विंडो लेआउट' वर टिक करा. मग प्रोजेक्ट आणि रनिंग डिव्हायसेस वरपासून खालपर्यंत जातात आणि लॉगकॅट फक्त एडिटरच्या खाली राहते. नाव वाइडस्क्रीन असले तरी फायदा उंचीचा आहे, म्हणून लहान लॅपटॉपवरही हे चालू ठेवावे.

हरवलेले लॉगकॅट हरवलेले नाही. विंडोची जागा जुन्या मॉनिटरच्या मापात लक्षात ठेवलेली आहे, त्यामुळे ती आता स्क्रीनच्या बाहेर उघडते. पट्टीवरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून 'व्ह्यू मोड > डॉक पिन्ड' निवडा, लगेच आत येईल.

व्ह्यू मोड पाच आहेत. त्यांतला फरक नीट कळला की निम्मी कटकट संपते.

'डॉक पिन्ड' म्हणजे विंडो आपली जागा अडवून बसते, एडिटर तेवढा लहान होतो. 'डॉक अनपिन्ड' तशीच जागा घेते, पण तुम्ही एडिटरमध्ये क्लिक केले की मिटते. 'अनडॉक' एडिटरच्या वर पसरते, एडिटरची रुंदी बदलत नाही, आणि फोकस गेला की तीही मिटते. 'फ्लोट' सुटी विंडो आहे, पण आयडीईच्या कायम वर राहते. 'विंडो' पूर्ण स्वतंत्र: आयडीईच्या मागेही जाऊ शकते, दुसऱ्या मॉनिटरवरही ठेवता येते.

घरी लॉगकॅटला 'अनडॉक' द्या. क्रॅश वाचायचा, एडिटरवर क्लिक करायचे, ते आपोआप बाजूला होते. ऑफिसात 'विंडो'. 'फ्लोट' दोन्हीकडे त्रासदायकच, कारण ते नेमके ज्या ओळीवर काम चालू आहे त्यावर येऊन बसते.

---

काटकोन

दोन मांडण्यांचे उत्तर 'विंडो > लेआउट्स' मध्ये आहे. मॉनिटर जोडलेला असताना सगळे मनासारखे लावा आणि 'सेव्ह करंट लेआउट अ‍ॅज न्यू' म्हणून 'ऑफिस' असे नाव द्या. मॉनिटर काढून पुन्हा लावा, तेच करून 'घर' नाव द्या. पुढे त्याच मेनूतून नाव निवडायचे. ही नावे दुसऱ्या प्रोजेक्टमध्येही मिळतात.

शिफ्ट + एफ१२ ने चालू लेआउट जसा सेव्ह केला होता तसा परत येतो. पटकन दोन-तीन विंडो इकडेतिकडे ओढल्या तरी काळजी नाही. मात्र केलेला बदल कायम ठेवायचा असेल तर 'सेव्ह चेंजेस इन करंट लेआउट' हातानेच करावे लागते, आपोआप होत नाही. इथे बरेच जण फसतात: दिवसभर मांडणी सुधारतात, शिफ्ट + एफ१२ दाबतात आणि सगळे जुन्यावर जाते.

मॉनिटर काढायच्या आधी 'घर' लावलेत तर लॉगकॅट स्क्रीनबाहेर जाण्याचा प्रकार उद्भवतच नाही.

---

शेवगा

स्प्लिटबद्दल. 'सेटिंग्ज > एडिटर > यूआय टूल्स' उघडा. जुन्या आवृत्त्यांत याच पानाचे नाव 'डिझाइन टूल्स' होते. तिथे 'डीफॉल्ट एडिटर मोड' खाली ड्रॉएबल (अ‍ॅपमधली चित्रे), इतर रिसोर्स आणि कंपोझ फाइली यांना वेगवेगळे मोड देता येतात. कंपोझला 'कोड' द्या, ड्रॉएबलला 'डिझाइन'. व्हेक्टर ड्रॉएबलचे एक्सएमएल वाचून चित्र कुणालाच कळत नाही, ते पाहायलाच उघडतात.

हे केल्यावरही उघड्या टॅब आहेत तशाच राहतील. त्या बंद करून पुन्हा उघडा.

प्रीव्ह्यू हवा तेव्हा एडिटरच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात 'कोड', 'स्प्लिट', 'डिझाइन' ही बटणे आहेत. कीबोर्डवरून ऑल्ट + शिफ्ट + उजवा किंवा डावा बाण, मॅकवर कंट्रोल + शिफ्ट + बाण. बटणे दिसतच नसतील तर त्या फाइलमध्ये फंक्शनच्या वर लिहायचे 'प्रीव्ह्यू' अ‍ॅनोटेशन आहे का ते पाहा.

एकाच फाइलमध्ये आठ-दहा प्रीव्ह्यू असतील तर स्प्लिट उघडल्या उघडल्या ते सगळे रेंडर होऊ लागतात आणि टायपिंग अडखळते. दोष विंडोच्या मांडणीचा नसतो. प्रीव्ह्यूच्या पट्टीवर मांडणीचा मेनू आहे, त्यात एका वेळी एकच प्रीव्ह्यू दाखवणारा पर्याय निवडा. किंवा प्रीव्ह्यू फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये काढा. ही दुसरी फाइल टॅब ओढून सुटी करता येते, किंवा प्रोजेक्ट विंडोत तिच्यावर उभे राहून शिफ्ट + एफ४ दाबा. मग मॉनिटरवर प्रीव्ह्यू आणि लॅपटॉपवर पूर्ण रुंदीचा कोड. ऑफिससाठी यापेक्षा चांगली मांडणी नाही, असे माझे मत.

---

पाणपोई

शेवग्याशी सहमत. लेआउट्सबद्दल एक भर: त्यात फक्त टूल विंडोंची जागा जतन होते. एडिटरचे स्प्लिट, सुट्या केलेल्या टॅब त्यात येत नाहीत, त्या प्रोजेक्टच्या वर्कस्पेसमध्ये असतात. म्हणून 'घर' लावले तरी मॉनिटरवर सुटी केलेली फाइल आपोआप मुख्य विंडोत येणार नाही, ती बंद करावी लागेल.

'.आयडिया' फोल्डरमधली वर्कस्पेसची एक्सएमएल फाइल गिटमध्ये (टीमच्या सामाईक कोडमध्ये) टाकू नका. ती ज्याची त्याची असते. टीममधल्या दुसऱ्याच्या टॅब आणि रन कॉन्फिगरेशनची सरमिसळ होते आणि प्रत्येक कमिटमध्ये विनाकारण फरक दिसत राहतो.

---

उंबरठा

वाइडस्क्रीन आणि लेआउट्स, दोन्ही लागू पडले. लॉगकॅटही परत आले. दोन गोष्टी राहिल्या.

ऑल्ट + शिफ्ट + बाण वापरायला लागल्यापासून मध्येच कोडमध्ये देवनागरी अक्षरे पडतात. कीबोर्डला इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषा आहेत.

आणि मराठी स्ट्रिंग्जच्या फाइलमध्ये वेलांट्या आणि खालचे उकार कापल्यासारखे दिसतात. अ‍ॅपमध्ये ठीक दिसतात.

---

काटकोन

पहिले विंडोजचे आहे, स्टुडिओचे नाही. डावा ऑल्ट + शिफ्ट हा विंडोजमध्ये भाषा बदलण्याचाही शॉर्टकट आहे. दोन्ही दाबून बाण न दाबताच सोडले की भाषा पालटते. विंडोजच्या 'सेटिंग्ज > टाइम अँड लँग्वेज > टायपिंग > अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज' मध्ये 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' आहे. तिथे 'चेंज की सीक्वेन्स' उघडून 'नॉट असाइन्ड' करा. भाषा बदलायला विंडोज + स्पेस राहतेच, अडत काही नाही.

लिनक्सवाल्यांनाही अशीच अडचण येते: कंट्रोल + ऑल्ट + बाण हा स्टुडिओत मागच्या जागी जाण्याचा शॉर्टकट आहे, पण काही डेस्कटॉप तो आपला वर्कस्पेस (आभासी डेस्कटॉप) बदलायला आधीच उचलतात. डेस्कटॉपच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये तो काढावा लागतो.

---

अनुस्वार

अक्षरे कापली जाण्याबद्दल. एडिटरचा नेहमीचा फाँट जेटब्रेन्स मोनो, त्यात देवनागरी नाही. मग आयडीई सिस्टीममधला कुठला तरी फाँट उचलते, आणि ओळीची उंची मात्र मूळ फाँटच्या हिशेबाने राहते. वर रफार-वेलांटी आणि खाली उकार असलेल्या अक्षरांना ती पुरत नाही.

'सेटिंग्ज > एडिटर > फाँट' मध्ये जा. 'लाइन हाइट' १.२ असेल, ती १.४ करून पाहा. त्याच पानावर 'टायपोग्राफी सेटिंग्ज' उलगडा आणि 'फॉलबॅक फाँट' (मूळ फाँटमध्ये अक्षर नसेल तेव्हा वापरायचा) मध्ये मंगल किंवा निर्मला यूआय निवडा. नोटो सान्स देवनागरी बसवलेला असेल तर तो उत्तम. उंची वाढवल्यावर १२८० बाय ७२० मध्ये चार-पाच ओळी कमी दिसतील, तेवढे सोसावे लागेल. फार मराठी मजकूर हाताळायचा नसेल तर फॉलबॅक तेवढा बदला, उंचीला हात लावू नका.

स्ट्रिंग्जच्या फाइलवर वर 'ओपन एडिटर' अशी लिंक दिसते, त्यातून ट्रान्सलेशन्स एडिटर उघडतो. इंग्रजी आणि मराठी शेजारी-शेजारी रकान्यांत येतात, राहून गेलेली भाषांतरे लगेच दिसतात. दोन फाइली स्प्लिट करून बघण्यापेक्षा हे बरे.

अ‍ॅपमध्ये कुठे जुनी एक्सएमएल लेआउट असतील तर 'लेआउट व्हॅलिडेशन' ही टूल विंडो उघडून वरच्या यादीतून 'प्रोजेक्ट लोकेल्स' निवडा. प्रोजेक्टमधल्या सगळ्या भाषांत तोच स्क्रीन एकाखाली एक दिसतो. बटणावरचा मराठी मजकूर दोन ओळींवर गेला तर इथेच सापडतो, एम्युलेटरची भाषा बदलत बसावे लागत नाही. कंपोझमध्ये मात्र प्रीव्ह्यू अ‍ॅनोटेशनलाच लोकेल द्यावे लागते.

---

शेवगा

एम्युलेटरचे कुणी बोललेच नाही. ऑफिसात तो रनिंग डिव्हायसेसमध्ये ठेवायची गरज नाही. 'सेटिंग्ज > टूल्स > एम्युलेटर' मध्ये रनिंग डिव्हायसेस टूल विंडोत सुरू करण्याची टिक काढा. चालू असलेला एम्युलेटर बंद करून पुन्हा सुरू करा, त्याशिवाय बदल दिसत नाही. मग तो सुट्या विंडोत उघडतो. कायम वर हवा असेल तर त्याच्या एक्स्टेंडेड कंट्रोल्समधल्या सेटिंग्जमध्ये 'ऑलवेज ऑन टॉप' आहे.

पण लेआउट इन्स्पेक्टर (चालू अ‍ॅपच्या स्क्रीनचे भाग तपासायचे साधन) वापरत असाल तर टिक ठेवा. नव्या आवृत्त्यांत तो रनिंग डिव्हायसेसच्या आतच बसवलेला आहे. अशा वेळी पूर्ण रनिंग डिव्हायसेसच 'विंडो' मोडमध्ये मॉनिटरवर न्या, आणि तसेच 'ऑफिस' लेआउटमध्ये सेव्ह करा.

लॉगकॅट अरुंद जागेत वाचायला त्याच्या डाव्या पट्टीवरच्या फॉरमॅटिंग बटणातून 'कॉम्पॅक्ट व्ह्यू' घ्या. नेहमीच्या व्ह्यूमध्ये तारीख, वेळ, प्रोसेस, टॅग, पॅकेज यांतच अर्धी ओळ जाते आणि मूळ संदेश उजवीकडे दिसेनासा होतो. मॉनिटरवर उलट करा: त्याच पट्टीवरून पॅनेल स्प्लिट करा, एकात फक्त एरर, दुसऱ्यात स्वतःच्या टॅगचे सगळे. दोन्ही पॅनेलचे फिल्टर वेगळे राहतात.

---

उंबरठा

हॉट की काढली, फॉलबॅकला निर्मला यूआय दिला आणि लाइन हाइट १.३ वर भागले. घरी आता प्रोजेक्ट विंडोही अनडॉक ठेवली आहे. एडिटर तेवढाच एका झटक्यात मोकळा करायला काही आहे का?

---

काटकोन

कंट्रोल + शिफ्ट + एफ१२, मॅकवर कमांड + शिफ्ट + एफ१२. सगळ्या टूल विंडो मिटतात, पुन्हा दाबले की होत्या तशा परत येतात. टॅबवर डबल क्लिक केले तरी तेच. लॅपटॉपवर एफ१२ ला आवाज किंवा प्रकाश कमी-जास्त करण्याचे काम दिलेले असेल तर सोबत एफएन दाबावे लागेल.

एकच विंडो मिटवायला शिफ्ट + एस्केप. विंडो न मिटवता कर्सर फक्त एडिटरमध्ये आणायचा असेल तर नुसते एस्केप, पण तुमच्या अनडॉक विंडो फोकस गेल्यावर मिटणारच.