१,७०० रुपयांचा आयईएम विरुद्ध ६९९ डॉलरचा: जुळे सोलापुरात बंद पंख्याखाली घेतलेली परीक्षा

जुळेसोलापूरकर
मंडळी, शिव्या खायच्या तयारीनेच लिहितोय. मित्राकडे सेनहायझरचा आयई ६०० हा आयईएम (इन-इअर मॉनिटर, कानात खोचायचा इअरफोन) आलाय. झिर्कोनियमचं कवच, आत ७ मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर (आवाज काढणारा चिमुकला स्पीकर). कितीला पडला ते तो सांगत नाही, घरी कळायला नको म्हणून. पण २०२२ मध्ये ६९९ डॉलरला बाजारात आलेली वस्तू आहे, हिशेब तुम्हीच करा. माझ्याकडे सेव्हनहर्ट्झचा झीरो, १,७०० रुपयांचा.

रविवारी दुपारी दोन्ही समोरासमोर ठेवले. घरघर नको म्हणून पंखा बंद, हॉर्न नकोत म्हणून खिडक्या बंद, आणि बाहेर ४२ अंश. आवाजाची पातळी आधी जुळवून घेतली. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा मोबाइलच्या माइकवर बसवला, त्यात आळीपाळीने दोन्ही खोचले, १ किलोहर्ट्झचा सूर लावला आणि मीटर जुळवला. एवढं केलं नाही तर जो किंचित मोठा वाजतो तोच ‘जास्त खुला’ वाटतो. मग मी डोळे मिटून बसलो आणि मित्र मनाला येईल तो माझ्या कानात घालत गेला. २० वेळा. त्यातले १३ मी बरोबर ओळखले.

माझं मत: फरक नाही. पाच हजारांच्या पुढे आपण आवाजाचे पैसे देत नाही. धातूचे, डबीचे आणि चारचौघांत सांगण्याचे देतो.

जवारी
ऐकलंत काय ते मात्र लिहिलं नाहीत. ढोलाच्या तालावरचं दणदणीत काहीतरी असणार. त्यात १,७०० चा काय आणि लाखाचा काय, सगळे सारखेच.

तानपुरा लावा. नुसता तानपुरा, पाच मिनिटं. माझ्याकडे ६४ ऑडिओचा यू१२टी आहे, एकेका कानात १२ बॅलन्स्ड आर्मेचर (वेगळ्या जातीचे, अगदी छोटे ड्रायव्हर). (१,९९९ डॉलर. हो, वेडेपणा आहे. जुनी बाइक काढली.) स्वस्त आयईएममध्ये जवारी (तारांची ती झणझणती झळाळी) म्हणजे एक चकचकीत पडदा असतो. इथे प्रत्येक तारेतून सूर उमलताना कळतो, खर्जाची तार छेडली की तिच्या पोटातला गंधार वेगळा काढून दाखवता येतो. तबल्यातल्या बायाँचा घुमारा डायनॅमिक ड्रायव्हरमध्ये (नेहमीच्या स्पीकरसारखा पडदा हलवणाऱ्या) जास्त भरीव लागतो, हे कबूल. पण दायाँची चाट जिथल्या तिथे थांबायला हवी, ती स्वस्तात रेंगाळते. ड्रायव्हरचा वेग म्हणतात तो हाच.

छापाकाटा
आधी धागाकर्त्यांना. २० नाणी उडवली तर १३ किंवा जास्त छापे पडायची शक्यता १३ टक्के आहे. म्हणजे तुमच्या निकालातून ‘फरक कळतो’ हे सिद्ध होत नाही, ‘कळत नाही’ हेही नाही. शिवाय एक छोटा धातूचा, दुसरा मोठा प्लास्टिकचा. डोळे मिटले तरी कानाच्या पाळीला कळतंच की कोण आलंय. ही ब्लाइंड टेस्ट नव्हे, नुसतं डोळे मिटणं झालं.

याच अडचणीवर हार्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी तोड काढली. एकच चांगला इअरफोन कानात ठेवायचा आणि ईक्यूने (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करून) त्याला बाकीच्यांचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (कुठला पट्टा किती मोठा वाजतो तो आलेख) द्यायचा. ऐकणाऱ्याच्या कानात वस्तू बदलत नाही, फक्त आवाज बदलतो. किमतीबद्दल म्हणाल तर २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मोजमापं तपासली. किंमत आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स यांत संबंध सापडला नाही.

आता जवारीराव, ‘वेग’. इअरफोन बहुतेक मिनिमम फेज असतात, म्हणजे कुठला पट्टा किती मोठा वाजतो हे ठरलं की आवाज कसा उठतो-थांबतो हेही ठरतं. कानाच्या पडद्यावर पोचणारा रिस्पॉन्स सारखा केला की चाट थांबायचा वेळही सारखा होतो. रेंगाळणं म्हणून जे ऐकता ते बहुतेक वेळा कुठल्या तरी पट्ट्यातला उंचवटा असतो. दोन-तीन डेसिबल खाली ओढा, ड्रायव्हर लगेच ‘वेगवान’ होतो. फुकटात.

जवारी
‘पडद्यावर पोचणारा रिस्पॉन्स सारखा केला की’. यातला ‘केला की’ किती सहज लिहिलात! करणार कसा? तुमचे सगळे ग्राफ ज्या कृत्रिम कानावर निघतात (आयईसी ६०३१८-४, लोक ज्याला ७११ म्हणतात), त्यात ८ किलोहर्ट्झच्या आसपास एक शिखर येतं. आयईएम आत किती गेला यावर ते सरकतं. माझ्या कानात वेगळं, तुमच्या कानात वेगळं. त्याच्या वरच्या पट्ट्यात ग्राफवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही, हे ग्राफवालेही सांगतात. आणि जवारीची झळाळी नेमकी तिथपर्यंत जाते. जो भाग मोजता येत नाही तोच सारखा केल्याचा दावा करायचा आणि वर म्हणायचं फरक नाही. शेंगाचटणीचा फोटो चाटून लसूण कमी पडला म्हणण्यातला प्रकार.

छापाकाटा
८ च्या वरचं मान्य. पण मग एवढंच म्हणा की तो आयईएम तुमच्या कानात नीट बसतो. किमतीचा त्याच्याशी संबंध काय?

मंचामागे
मी ऑर्केस्ट्रा आणि नाटकांचा साउंड करतो, हुतात्मा स्मृती मंदिरात बरीच वर्षं गेली. तुमचं वाचून गंमत वाटली म्हणून लिहितोय. ही वस्तू मुळात आमच्यासाठी बनलेली. जेरी हार्वे व्हॅन हेलन या रॉक बँडचे मॉनिटर इंजिनिअर (मंचावर कलाकारांना त्यांचाच आवाज ऐकवणारे) होते. ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलनला मंचावरच्या कल्लोळात स्वतःचं ऐकू येईना, म्हणून १९९५ च्या सुमारास त्यांनी कानात घालायचा मॉनिटर बनवला. त्यात ‘झळाळी’ कुणी शोधत नव्हतं. बाहेरचं बंद आणि आतलं स्पष्ट, एवढंच काम होतं.

मला गायकाकडून एकच तक्रार येते, ‘बास गेला’. दहातल्या नऊ वेळा बास कुठेही गेलेला नसतो, टिप (आयईएमच्या टोकाची मऊ टोपी) घामाने सरकलेली असते. कानाशी फट पडली की खालचा आवाज बाहेर निघून जातो, मग आत १ ड्रायव्हर असो की १२. मे महिन्यात सोलापुरात, पंखा बंद करून, घामेजल्या कानात २० वेळा आयईएम घातले-काढलेत तुम्ही. प्रत्येक वेळी सारखा बसला असेल? टिप्स कुठल्या होत्या?

आणि नुसत्या १ किलोहर्ट्झवर आवाज जुळवू नका. दोघांचा बास वेगळा, तिथे जुळूनही एकूण आवाज वेगळा राहतो. पिंक नॉइज लावा, सगळे पट्टे एकत्र असलेला खळखळाट.

जुळेसोलापूरकर
टिप्स ज्याच्या त्याच्या डबीतल्या. चुकलंच. पिंक नॉइजही मान्य. येत्या रविवारी परत करतो, या वेळी सकाळी सहाला.

मागावरचा
काय ओ मालक, एवढं सगळं मोजलं, कान मोजला का? आमी धा वर्सं यंत्रमागाच्या शेडमध्ये काढली. आत आवाज नव्वदच्या वर. ८५ डेसिबल आठ तास सोसतो म्हणत्यात, पुढं दर ३ डेसिबलला येळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. आमची पाळी बारा तासाची. माझं ४ किलोहर्ट्झ पार गेलंय, तिथं खड्डा हाय. मला तुमचा १,९९९ डॉलरवाला बी झीरोच वाटंल. फोनवर टोन जनरेटर घ्या, एकेक कान तपासा, मग भांडा. लई सोपं हाय.

जुळेसोलापूरकर
रविवार झाला. थोडं लांबणार आहे.

मागावरच्यांचं ऐकून आधी कान तपासले. मित्राचे दोन्ही ठीक. माझा डावा ठीक, उजव्याला ४ किलोहर्ट्झचा सूर ऐकू यायला फोनचा आवाज चार घरं वाढवावा लागला. आयईएम डावा-उजवा अदलून-बदलून पाहिले, तरी उजवाच. काकांची अक्कलकोट रोडला शेड होती, शाळेच्या सुट्ट्या सगळ्या तिथेच गेल्या. कांड्या भरायला बसायचो ते बरोबर उजव्या हाताला माग ठेवून. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मग मित्राला बसवला. दोन्हींना एकाच प्रकारच्या टिप्स, पिंक नॉइजवर जुळवणी, आणि जवारींच्या आग्रहाखातर नुसता तानपुरा. २० पैकी १७ बरोबर.

जवारी
:) मी काही बोलत नाही.

छापाकाटा
१७ हे नाणं नव्हे, मान्य. पण कानाच्या पाळीचा मुद्दा तसाच आहे.

जुळेसोलापूरकर
जवारी, थांबा. प्रत्येक वेळी त्याला दुसरा प्रश्नही विचारला होता: यातला आवडला कोणता? त्यात आयई ६०० ला ९ मतं, झीरोला ११. ओळखतो बरोबर, आवडीला मात्र ठाम नाही. तेव्हा ‘फरक नाही’ हे माझं म्हणणं मागे घेतो. ‘पाच हजारांच्या पुढे पैसे आवाजाचे नाहीत’ हे घेत नाही. मित्राने हे आकडे त्याच्या घरी कळू न देण्याची शपथ घातली आहे.

मंचामागे
शपथ ठीक. त्या उजव्या कानाचं काय?

मागावरचा
फोनवरच्या टोनवर जाऊ नका आता. कानाच्या डॉक्टरकडं ऑडिओग्राम काढा, बंद खोलीत बसवून काढत्यात. आनि तवर त्या कानात काय बी मोठ्यानं लावू नका.

जुळेसोलापूरकर
गुरुवारी संध्याकाळची वेळ घेतली आहे.